सप्टेंबरचा दौरा: सत्कार, सांडवे आणि सायफन

अभियंत्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाचा सप्टेंबर महिना घरच्यांनी विसरून जावा, असं आधीच्या अध्यक्षांनी मला पदभार देतानाच सांगितलं होतं. १५ सप्टेंबर हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस. १९६८ पासून तो देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. दिवस एकच, पण राज्यातल्या आमच्या शाखा तो आपापल्या सोयीने महिनाभर घेतात. कुणाला सभागृह मिळत नाही, कुणाला पाहुणे मिळत नाहीत, कुणाला गणपती आड येतात. अध्यक्षाने यायचं, तसबिरीला हार घालायचा, भाषण करायचं, सत्कार उरकायचे, जेवून निघायचं, अशी रीत पडून गेलेली.

यंदा मी शाखांना एक अट घातली. ज्या गावी भाषण, त्या गावाजवळचं पाण्याचं एखादं जुनं काम मला आधी दाखवा, आणि ते काम आज जो सांभाळतो त्याची गाठ घालून द्या. मी इमारतींच्या संरचनेचं काम करते, पाणी माझा विषय नाही. पण विश्वेश्वरय्यांची महाराष्ट्रातली हयात पाण्याच्या कामांतच गेली. त्यांना हार घालायचा आणि त्यांच्या हातच्या कामाचं आज काय झालंय हे विचारायचंही नाही, हे मला पटत नव्हतं.

८ आणि ९ सप्टेंबर : नाशिक, धुळे, साक्री

नाशिकची बैठक सभासद-वर्गणीच्या चर्चेतच संपली. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात विश्वेश्वरय्या रुजू झाले ते याच गावी, एवढा उल्लेख भाषणात केला आणि दुपारी धुळ्याची वाट धरली. चांदवडचा घाट उतरेपर्यंत पाऊस होता. मालेगावच्या पुढे लख्ख ऊन.

धुळ्यात शाखेच्या सचिवांच्या घरी उतरले. पितृपक्ष लागलेला, त्यांच्याकडे त्या दिवशी पानं होती. मागच्या अंगणात वहिनी खापरावर मांडे करत होत्या. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर. पुरण भरलेला उंडा त्या दोन्ही हातांच्या पाठीवर घेत, मनगटं फिरवत फिरवत वाढवत होत्या. पोळी कोपरापर्यंत आली की एका झटक्यात खापरावर. तिला सुरकुती नाही, भोक नाही. पोळपाट-लाटणं कुठे दिसेना. मी जवळ जाऊन उभी राहिले तर म्हणाल्या, "ताई, लांब बसा, धूर लागंल." मांडा, दूध, वर तुपाची धार आणि बाजूला झणझणीत आमटी. दुपारी साक्रीला जायचं होतं म्हणून दोनवर थांबले, नाहीतर थांबले नसते.

साक्री तालुक्यात दातर्तीला पांझरेच्या पाटावर विश्वेश्वरय्यांनी नळाचा सायफन बांधला. नोकरीतलं त्यांचं हे अगदी सुरुवातीचं काम, वय २३. पाटाचं पाणी आडव्या येणाऱ्या प्रवाहाखालून नळाने न्यायचं आणि पलीकडे पुन्हा वर काढायचं. पलीकडचं तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा थोडं खाली ठेवलं की पाणी आपल्याच दाबाने चढतं. कागदावर चार ओळींचं गणित, पण ऐन पावसाळ्यात, नदी फुगलेली असताना, मजूर जमवून ते उभं करायचं म्हणजे काय हे काठावर उभं राहिल्यावर कळतं.

पांझरेच्या खोऱ्यात त्याच्याही आधीपासूनची एक व्यवस्था आहे, फड बागायत. नदीवर ओळीने छोटे बंधारे, प्रत्येक बंधाऱ्याचा पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी वाटायला पाटकरी, पिकं राखायला जागल्या. विश्वेश्वरय्यांनी पुढे नीरेच्या कालव्यावर पाणी वाटपाची जी ब्लॉक पद्धत, म्हणजे जमिनीचे गट पाडून पाणी देण्याची रीत, आणली, तिच्या मागे खानदेशातलं हे बघणं असणार, असं मला तिथे फिरताना वाटत राहिलं.

आम्हाला पाट दाखवायला आलेले बाबा सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या वडिलांनी आणि आज्यांनी पाटकरीपण केलेलं. "या, बठा," म्हणून त्यांनी बांधावर गोणपाट टाकलं. मी सायफनबद्दल विचारत होते, ते गाळाबद्दल बोलत होते. सायफनचा तळ सर्वात खाली, त्यामुळे गाळ तिथेच बसणार. दरवर्षी तो काढला तर पाणी चालतं, दोन वर्षं आळस केला की पलीकडचा शेतकरी बोंब मारतो. आज्याच्या काळी गाळ काढायला घरटी एक माणूस यायचा. न येणाऱ्याच्या वाट्याचं पाणी शेवटी. बांधणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक, गाळ काढणाऱ्यांची नावं मात्र या बाबांनाच ठाऊक होती. त्यांनी बोटं मोजत मला ती सगळी सांगितली.

संध्याकाळच्या कार्यक्रमाला चला म्हटलं तर हसले. बाजरी काढायला आलेली, आभाळ कधी दगा देईल सांगता येत नाही.

धुळ्याच्या सभागृहात मुलंमुली भरपूर होती. प्रश्नोत्तरांत एका मुलीने विचारलं, "मॅडम, देखभालीच्या कामात पुढे जायला वाव असतो का?" मी तिला सांगितलं की येत्या वीस-तीस वर्षांत आपल्या राज्यात नव्या धरणांपेक्षा जुन्या धरणांची, पुलांची, नळांची कामंच जास्त निघणार आहेत, आणि त्यांची तपासणी करू शकणारी माणसं आज फार थोडी आहेत. तिला ते कितपत पटलं माहीत नाही, पण मी ते मनापासून सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी: साक्रीकडचे बंधारे बघायचे तर सकाळी लवकर निघा, दुपारचं ऊन सप्टेंबरातही भाजतं. पाटाच्या कडेची माती निसरडी असते, पकड असलेले बूट हवेत. आणि गावात कुणाला तरी सोबत घ्या, पाटावरून शेतात शिरताना विचारलेलं बरं. शेवभाजी रात्रीच खा, खाल्ल्यावर प्रवास नको.

१२ आणि १३ सप्टेंबर : कोल्हापूर, राधानगरी

कोल्हापूरच्या शाखेने अट फारच मनावर घेतली होती. गाडीतून उतरले तोच शाखाध्यक्ष म्हणाले, "चहा वाटेत घेऊया, दरवाजं उघडल्यात." राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी दोन पहाटे उघडले होते. कोल्हापुरात ही बातमी घराघरात पोचलेली असते. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, राधानगरीच्या एका दरवाजातून १,४२८ क्युसेक म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, हे आकडे तिथे भाजीवालीलाही पाठ. २०१९ आणि २०२१ चे पूर सोसलेलं शहर आहे ते.

परितेच्या पुढे ऊस संपून भाताची खाचरं लागतात. पावसाने काच पुसायला उसंत दिली नाही. वाटेत एका टपरीवर नाचणीची भाकरी, खर्डा आणि जाड सायीचं दही मिळालं. दही वाटीत नाही, भाकरीवरच.

धरणाचं काम शाहू महाराजांनी १९०९ च्या सुमारास सुरू केलं. संस्थानाच्या पैशांतून, संस्थानाच्या शेतकऱ्यांसाठी. गावाला मुलीचं नाव दिलं, तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचं. काम मध्ये बरीच वर्षं थांबलं, पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडलं. दरवाजे ज्या तत्त्वावर चालतात ते विश्वेश्वरय्यांनी त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, खडकवासल्याला वापरलेलं. त्या जातीचे दरवाजे आज चालू अवस्थेत बघायला मिळणं दुर्मिळ. पुण्याजवळ भाटघरला आहेत, आणि इथे.

तत्त्व असं. दरवाजाला तोलून धरणारं एक प्रचंड वजन, ते एका विहिरीत. तलाव ३४७.५० फुटांची पातळी ओलांडायला लागला की वरचं पाणी नळाने त्या विहिरीत शिरतं. पाण्यात बुडालेलं वजन हलकं होतं, तोल फिरतो, दरवाजा उघडतो. तलाव उतरला की विहीर रिकामी, वजन पुन्हा जड, दरवाजा बंद. वीज नाही, मोटार नाही, कुणाचा हुकूम नाही. आर्किमिडीजचा नियम शाळेत सगळेच शिकतो. तो इतक्या टनांच्या लोखंडावर, तेही रात्री-बेरात्री एकट्याने काम करताना बघितला आणि माझ्या अंगावर काटा आला.

आम्ही उभे होतो तेवढ्यात तिसरा उघडला. आधी काहीच आवाज नाही. मग खालून एक घरघर, दगडी भिंतीतून पायाला जाणवणारी, आणि पांढऱ्या पाण्याचा लोट. सोबतच्या तरुण अभियंत्यांच्या हातातले मोबाइल वर झाले. दरवाजांवर नेमणुकीला असलेले काका मात्र घड्याळाकडे बघत होते. वेळ वहीत टिपली, वायरलेसवर कळवली, मग आमच्याकडे वळले.

"स्वयंचलित म्हणत्यात, पर त्याला बी माणूस लागतंयच की," ते म्हणाले. नळाच्या तोंडाशी झाडपाला अडकला तर विहिरीत पाणी शिरणार कसं? उन्हाळ्यात गंज खरवडायचा, वंगण घालायचं, प्रत्येक दरवाजा हलवून बघायचा. पावसाळ्यात तासातासाला पातळी. गणपतीत घरी होता का, असं मी विचारलं. "दीड दिवस. पाचव्या दिवशी बोलवणं आलं." त्यांना मी त्या दिवशीच्या संध्याकाळच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. तीन दरवाजे उघडे असताना ते निघणार कसे, हे शाखाध्यक्षांनी मला हळूच सांगितलं.

शनिवारी सकाळी कोल्हापूर पद्धतीचा एक बंधारा बघितला. दगडी खांब आणि मधल्या खाचांत बसवायचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, पाऊस ओसरला की घालायचे. बरगे वेळेत काढले नाहीत तर पूर काठ फोडतो, वेळेत घातले नाहीत तर रब्बीला पाणी नाही. ही तारीख ठरवणं हेच खरं कसब, आणि ती अजूनही आभाळ बघून ठरते.

राधानगरीला पावसाळ्यात जाणार असाल तर दाजीपूरच्या जंगलाकडे जळवा असतात, मीठ किंवा तंबाखूची पुडी जवळ ठेवा. धरणाच्या माथ्यावर परवानगीशिवाय सोडत नाहीत, आणि सोडूही नये. खालच्या पुलावरून सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडायची वाट, छान दिसतो. अंधार पडायच्या आत कोल्हापूर गाठा, रस्त्यावर गवे येतात.

१५ सप्टेंबर : पुणे

मुख्य दिवस. सकाळी हारार्पण, मग व्याख्यान, दुपारी एका महाविद्यालयात प्रकल्प-स्पर्धा, संध्याकाळी सत्कार. पुण्याचा विश्वेश्वरय्यांवर हक्क आहे. इथल्याच कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत, ते शिकले आणि १८८३ साली मुंबई इलाख्यात पहिले आले. त्या संस्थेची सुरुवात १८५४ ची. दगडी इमारतीच्या व्हरांड्यातून चालताना सोबतचे ज्येष्ठ सभासद आपापली वसतिगृहं दाखवत होते.

सत्कारांच्या यादीवरून ऑगस्टमध्ये आमच्या कार्यकारिणीत वाद झाला होता. पुरस्कार नेहमी मोठ्या प्रकल्पांना, मोठ्या नावांना. या वेळी एका कालव्यावरच्या चौकीदारांना आणि एका कालवा निरीक्षकांना मंचावर बसवायचं, असा आग्रह मी धरला. "हे अभियंते नाहीत, संघटना अभियंत्यांची आहे," हा आक्षेप होता. तो नियमाला धरून होता, पण मला मान्य नव्हता. आपण बांधलेलं काम ज्याच्या भरवशावर सोडून आपण बदली घेतो, त्याला वर्षातून एकदा बोलवता येत नसेल तर अभियंता दिन कुणाचा? मतदान झालं, ठराव थोड्या मतांच्या फरकाने मंजूर झाला.

संध्याकाळी मंचावर दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. खोऱ्यात पाऊस वाढला होता, विसर्ग चालू होता, दोघांनाही चौकी सोडता आली नाही. निवेदिकेने नावं पुकारली, टाळ्या झाल्या, शाली घडीच्या घडीच राहिल्या. आक्षेप घेणारे सभासदच मला नंतर म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी त्यांना सोयीचा दिवस बघू." मला ते बोलणं फार महत्त्वाचं वाटलं.

शाली घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडकवासल्याकडे गेले. विश्वेश्वरय्यांनी दरवाजे बसवलेलं ते धरण आता तसं राहिलेलं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तो लोंढा खडकवासल्यावर आला, तेही फुटलं आणि पुणं बुडालं. नंतर धरण नव्याने उभं राहिलं. चौकीदार दादांना शाल चौकीतच दिली. रात्रभर जागलेले, डोळे लाल. त्यांनी ती खांद्यावर नीट घेतली, सहकाऱ्याला फोटो काढायला सांगितला आणि मला विचारलं, "हा फोटो मुलीला पाठवू का? ती डिप्लोमाला आहे, सिव्हिलला." तिचा आणि माझा फोटो पुढच्या भेटीत काढायचा असं ठरलं.

धरणाकाठच्या चौपाटीवर भाजलेलं कणीस घेतलं. तिथून जवळच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, १९१६ पासूनचं. तिथे धरणांच्या, बंदरांच्या, नद्यांच्या प्रतिकृती करून त्यात पाणी सोडून बघतात. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांच्या सहली तिथे आधी पत्र देऊन नेता येतात. शिक्षकांनी हे जरूर करावं. सांडव्याखाली पाणी कसं उसळतं आणि त्याची ताकद कशी मारायची हे फळ्यावर समजत नाही.

१९ आणि २० सप्टेंबर : कोयनानगर, चिपळूण

कराड सोडलं, पाटण आलं आणि ढग रस्त्यावर उतरले. नवजाच्या बाजूला पाऊस मोजायची भांडी भरून वाहतात असं ऐकलं होतं. ओझर्ड्याचा धबधबा तर धुक्यात दिसलाच नाही, फक्त ऐकू आला.

कोयना धरणाची उंची १०३ मीटर, त्याच्या शिवसागर जलाशयाची साठवण १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. आकडे माहीत होते. माझ्यासारख्या संरचनेच्या अभियंत्याला कोयनेचं आकर्षण वेगळं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची नोंद आम्ही अभ्यासक्रमात वापरतो. भारतातल्या भूकंपरोधक बांधकामाच्या विचाराला त्या एका पहाटेने वेग दिला. साधारण साडेसहा रिश्टरचा धक्का, सुमारे १८० माणसं गेली, धरणाला भेगा पडल्या, पण धरण उभं राहिलं. नंतर मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम आधार देऊन त्याला मजबुती आणली. रीतसर परवानगी काढलेली असल्याने आम्हाला धरणाच्या भिंतीतल्या बोगद्यासारख्या गॅलरीत नेलं. बाहेर पावसाचा कल्लोळ आणि आत गार, दमट, दिव्यांची रांग. पायाजवळ गळतीच्या पाण्याची बारीक नाली आणि मध्ये इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असलेला पत्रा. त्या खाचेतून किती उंचीचं पाणी वाहतं ते पट्टीने बघायचं, वहीत लिहायचं. रोज. प्रत्येक धरण थोडं पाझरतं. पाझर किती हे फारसं महत्त्वाचं नाही, कालच्यापेक्षा वाढला का, हे महत्त्वाचं. वहीची पानं उलटून बघितली, अक्षरं बदलत गेली होती, नोंद तुटलेली नव्हती.

ज्यांच्या घरी जेवलो त्या आजी १९६७ साली लग्न होऊन नुकत्याच आलेल्या. भूकंपाच्या पहाटे सव्वाचार होऊन गेले होते, त्या चुलीला पोतेरं करत होत्या म्हणून वाचल्या. "आधी जमिनीखालनं गाडी गेल्यागत आवाज आला. मग भिंत माझ्याकडं आली." पुढे त्या थांबल्या, आणि मीही विचारलं नाही. आमटी-भात, कुर्डूची भाजी आणि तव्यावरचं गरम पिठलं होतं. त्यांनी मला दोनदा वाढलं.

कुंभार्ली घाट उतरून पोफळी. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला आणून वीज करतात, चारही टप्पे मिळून १,९६० मेगावॉट. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये लेक टॅपिंग केलं. बोगदा तलावाच्या तळापर्यंत न्यायचा, शेवटचा खडकाचा बूच ठेवायचा आणि तो सुरुंगाने उडवून पाणी आत घ्यायचं. तलाव रिकामा न करता.

वीज करून झालं की ते पाणी वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणला जातं. तिथल्या सभेत हारतुरे लवकर आटोपले आणि लोक पुरावर बोलायला लागले. २२ जुलै २०२१ ला गावात जे झालं ते अजून ताजं आहे. धरण, भरती, गाळ, पाऊस, कशाचा वाटा किती यावर तिथे एकमत नाही, आणि मी पाहुणी म्हणून येऊन निकाल द्यावा असं मला वाटलं नाही. सभेनंतर एका कापडवाल्या मावशींनी दुकानात नेलं. "बसा हो, चहा टाकते." भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक तांबूस रेघ. रंग देताना ती तेवढी पट्टी त्यांनी मुद्दाम सोडली आहे.

इथे माझा विषय आला. शाखेच्या तरुण अभियंत्यांना घेऊन बाजारपेठेत फिरले आणि जे दिसलं ते तिथेच सांगितलं. विजेचे मीटर आणि मुख्य स्विच त्या रेघेच्या वर घ्या. जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट बसणारं हवं, नाहीतर पूर ओसरल्यावर प्यायलाही पाणी नाही. तळमजल्यावरून गच्चीवर जाणारा जिना आतून मोकळा ठेवा, तिथे माल रचू नका. तळाच्या खांबांचं प्लास्टर फुगलं असेल तर वरून रंग मारून भागणार नाही, आतली सळई उघडी करून बघा. शाखेने दर रविवारी दोन इमारती विनामूल्य तपासायचं कबूल केलं आणि यादी त्याच संध्याकाळी भरली.

रात्री तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं. घाट रात्री उतरू-चढू नका, धुक्यात पुढचा ट्रकही दिसत नाही. कोयनेच्या भिंतीवर पर्यटकांना प्रवेश नसतो, कोयनानगरच्या नेहरू उद्यानातून धरण बघता येतं.

२६ आणि २७ सप्टेंबर : छत्रपती संभाजीनगर, पैठण

नवरात्र सुरू झालेलं. कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेमुळे शहरात गाड्या वळवल्या होत्या. आमच्या चालकाचे नऊ दिवसांचे उपास, त्यामुळे नान-खलिया खाताना मला जरा चुकल्यासारखं वाटलं. "मॅडम, तुम्ही खा निवांत, मी भगर सांगितलीय," म्हणाला.

पाणचक्की पूर्वी सहलीत बघितली होती, या वेळी नहर बघायला गेले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली तेव्हा शहराला पाणी देण्यासाठी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर काढली. उत्तरेच्या डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी शहरात. वाटेत ठिकठिकाणी चुन्यात बांधलेले उंच खांब, त्यात पाणी चढतं आणि पुढे उतरतं. दातर्तीला जे तत्त्व बघितलं तेच, अडीचशेहून जास्त वर्षं आधीचं. अठराव्या शतकात पाणचक्कीसाठी तसाच नळ आणला, आणि अजूनही भिंतीवरून हौदात पाणी कोसळतं. तिथले वयस्कर चाचा म्हणाले, "आपा, पानी तो आता है, नल साफ रखना पडता है. घर बनाते वक्त लोग नल तोड देते हैं." शाखेतल्या वास्तुविशारदांना मी तिथेच विनंती केली की नहरीचा मार्ग नकाशावर दाखवून बांधकाम परवानग्यांच्या वेळी तो समोर ठेवला जावा, यासाठी शाखेने पाठपुरावा करावा.

दुसऱ्या दिवशी पैठणचा कार्यक्रम होता, तो झालाच नाही. रात्रभर गोदावरीच्या खोऱ्यात पाऊस पडत होता. जायकवाडी म्हणजे नाथसागर भरलेला, २७ दरवाजांच्या त्या धरणातून विसर्ग वाढवलेला, आणि सभागृहात बसायचे ते अर्धे अभियंते ड्युटीवर. सकाळी शाखेचा फोन आला, "कार्यक्रम रद्द करावा लागेल, माफ करा." माफी कसली. फक्त पाच मिनिटं भेटता येईल का, एवढंच मी विचारलं.

लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केलेलं आणि १९७६ मध्ये पुरं झालेलं हे धरण. मातीची भिंत दहा किलोमीटरच्या आसपास, टोक दिसत नाही. नियंत्रण कक्षात एक तरुण अभियंता मुलगी होती, खुर्चीच्या पाठीवर ओला रेनकोट, टेबलावर न उघडलेला डबा. एका कानाला फोन, दुसऱ्या हाताने आवक-विसर्गाचा तक्ता. खालच्या गावांना निरोप गेले का, कोणत्या पुलावरची वाहतूक थांबवली, वरून येणारं पाणी किती तासांत पोचेल. फोन ठेवून ती म्हणाली, "ताई, एक बोलू? अभियंता दिन सप्टेंबरात असतो, आणि आमचा सप्टेंबर असा असतो. मी नोकरीला लागल्यापासून एकदाही कार्यक्रमाला आलेले नाही."

दातर्तीचे बाबा, राधानगरीचे काका, पुण्याच्या दोन खुर्च्या, सगळ्यांचं उत्तर तिने एका वाक्यात दिलं. मी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला, दोन घास खाऊन घे म्हटलं आणि निघाले. परतताना नागघाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत पाणी आलेलं दिसलं. नाथांच्या समाधीचं दर्शन बाहेरूनच घेतलं.

पैठणला पूर असताना घाटावर उतरू नका, फोटोसाठी तर अजिबात नाही. विसर्ग वाढायला वेळ लागत नाही आणि भोंगा वाऱ्यात ऐकू येत नाही.

ऑक्टोबरच्या कार्यकारिणीसाठी मी ठराव पाठवला आहे. १५ सप्टेंबरचं हारार्पण आणि व्याख्यान आहे तसंच राहील. दरवाजे, कालवे, बंधारे, नळ सांभाळणाऱ्यांचे सत्कार मात्र जानेवारीत, त्यांच्या कामाच्या जागी जाऊन, कुटुंबासह. सोबत प्रत्येक शाखेने आपल्या भागातल्या एका जुन्या कामाची पाहणी करून लेखी अहवाल द्यायचा. ठराव अजून मंजूर व्हायचा आहे, पण कोल्हापूरच्या शाखेचा निरोप आधीच आला: "जानेवारी चालेल. राधानगरीलाच घ्या, जेवण आमच्याकडं."